परसातील चिकाळ झाडाची ओळख

उमरखेडसारख्या गावी परसाच्या कुंपणातील अनोळखी झाडाची फांदी मोडताच पांढरा चीक पाझरला, तरी तेवढ्यावरून त्याची जाती ठरविता येत नाही. शेर व रुई या दोहोंचाही चीक पांढराच असतो. कुले मात्र भिन्न. शेर एरंड कुलातील असून मूळचा आफ्रिकेतील आहे. लिनीअसने १७५३ साली त्यास यूफोर्बिया तिरुकल्ली हे नाव दिले. त्याच्या फांद्या हिरव्या, गोल व पेन्सिलीएवढ्या जाड असतात. पाने बारीक असून लवकर गळतात. फळ तीन कप्प्यांचे असते. रुईचा समावेश आता करवीर कुलात होतो. तिची पाने रुंद व समोरासमोर असतात आणि बियांना रेशमी केसांचा झुबका असतो.

हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. शेराच्या चिकातील डायटर्पीन एस्टरांमुळे त्वचेचा दाह होतो व डोळ्यात तीव्र वेदना होतात. रुईच्या चिकाने मात्र पुष्कळदा वेदनेवाचूनच दृष्टी धूसर होते. म्हणून वेदनेचा अभाव हे निर्धोकपणाचे लक्षण मानू नये. दोन्ही प्रसंगी डोळा त्वरित भरपूर पाण्याने धुऊन नेत्रवैद्याकडे जावे व फांदीचा नमुना सोबत न्यावा. ओळखीसाठी चिकाची परीक्षा त्वचेवर कदापि करू नये. फुलाफळांसह फांदी हातमोजे घालूनच तोडावी.