वर्गणी भरली, खेळ केव्हा येणार?

मराठी समाजाला वर्गणी नवी नाही. सार्वजनिक गणेशोत्सव, वाचनालये आणि व्याख्यानमाला वर्गणीवरच उभ्या राहिल्या. ग्रंथ छापून होण्यापूर्वीच पैसे भरून तो सवलतीत मिळवण्याची प्रकाशनपूर्व योजनाही मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी नागपुरात आरंभलेला आणि पुढे पुण्यात १९२० ते १९२९ या काळात २३ खंडांत सिद्ध झालेला महाराष्ट्रीय ज्ञानकोश अशाच भागधारकांच्या आणि वर्गणीदारांच्या विश्वासावर उभा राहिला. तयार नसलेल्या वस्तूसाठी अनेकांनी थोडे थोडे पैसे आगाऊ द्यायचे, हेच तत्त्व आता इंटरनेटवर ‘क्राउडफंडिंग’ या नावाने वावरते. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात तर ते चांगलेच रुजले आहे.

भंडारा-साकोली महामार्गावरील लाखनीसारख्या तालुक्याच्या गावातला महाविद्यालयीन तरुणही आज मोबाइलवरून परदेशातील एखाद्या खेळासाठी वीस डॉलर भरू शकतो. मात्र गावात वर्गणी मागणाऱ्याचे घर ठाऊक असते. येथे मागणारा हजारो मैलांवर असतो आणि त्याच्याविषयीची माहिती बहुतेक वेळा त्यानेच पुरवलेली असते. म्हणूनच या व्यवहाराचे स्वरूप आधी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

खरेदी नव्हे, वर्गणीच

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव म्हणजे २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘किकस्टार्टर’. तेथे खेळ तयार करणारा चमू किती रक्कम हवी आणि खेळ अंदाजे केव्हा पूर्ण होईल हे जाहीर करतो. ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट गाठले गेले तरच वर्गणीदारांच्या कार्डावरून पैसे वळते होतात, अन्यथा कोणाकडूनही काही घेतले जात नाही. जमलेल्या रकमेतून किकस्टार्टर पाच टक्के शुल्क घेते. पैसे हाताळण्याचा खर्च वेगळा असतो.

किकस्टार्टर हे दुकान नाही, असे त्या कंपनीने २०१२ मध्येच स्पष्ट केले होते. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी खेळ करणाऱ्याची असते. काम पुरे होईल याची हमी कंपनी देत नाही आणि पैसे परत करण्याचे दायित्वही स्वीकारत नाही. पडद्यावर दिसणारी ‘अंदाजे तारीख’ ही शब्दशः अंदाज असते.

पुण्याचे उदाहरण

या पद्धतीचे एक बोलके उदाहरण पुण्यातले आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ या भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर आवाहन केले. उद्दिष्ट पूर्ण झाले नाही, त्यामुळे वर्गणीदारांचा एक पैसाही गेला नाही. संस्थेने अन्य मार्गांनी भांडवल उभे केले आणि हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर, तर ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट स्वतंत्र खेळाच्या गटात त्याला नामांकनही मिळाले.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. उद्दिष्ट न गाठल्यास पैसे न घेण्याची अट वर्गणीदाराला खरे संरक्षण देते. आणि कुशल चमूलाही असा खेळ पुरा करण्यास आवाहनानंतर सुमारे तीन वर्षे लागू शकतात. आवाहनात वर्षभराची मुदत दिसली तर तिच्याकडे याच नजरेने पाहिले पाहिजे.

दिरंगाई का होते?

पहिले कारण हिशेबाचे आहे. समजा, दहा लाख रुपये जमले. शुल्क आणि भेटवस्तूंचा खर्च वजा जाता आठ लाख हाती उरले. पाच जणांच्या चमूचे मासिक वेतन प्रत्येकी चाळीस हजार धरले तरी ही रक्कम चार महिन्यांत संपते. उद्दिष्ट मोठे ठेवल्यास ते गाठले जात नाही आणि लहान ठेवल्यास काम पुरे होत नाही, अशी ही कोंडी असते. त्यामुळे अनेकजण उद्दिष्ट मुद्दाम कमी ठेवतात आणि उरलेला पैसा पुढे कोठून तरी मिळेल अशी आशा बाळगतात. ती आशा फोल ठरली की काम रखडते.

दुसरे कारण अनपेक्षित यशाचे आहे. अमेरिकेतील ‘डबल फाइन’ या संस्थेने २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून अधिक मिळाले. पैसा वाढला तशी खेळाची कल्पनाही वाढली. ऑक्टोबर २०१२ मध्ये अपेक्षित असलेला हा खेळ ‘ब्रोकन एज’ या नावाने दोन भागांत आला, पहिला जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. ‘स्टार सिटिझन’चे उदाहरण तर टोकाचे आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेला हा खेळ २०१४ मध्ये येणार होता. २०२४ पर्यंत त्याच्यासाठी ७० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली, तरीही तोपर्यंत तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला नव्हता.

उशीर आणि बुडीत

तरीही प्रत्येक उशीर म्हणजे फसवणूक असे मानणे अन्यायाचे होईल. अमेरिकी अभ्यासक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवरील रचना आणि तंत्रज्ञान या विभागांतील प्रकल्पांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्पांना उशीर झाल्याचे आढळले. त्यांच्याच २०१५ च्या पाहणीत मात्र कबूल केलेली वस्तू मुळीच न देणाऱ्या यशस्वी प्रकल्पांचे प्रमाण सुमारे नऊ टक्के निघाले. म्हणजे उशीर हा नियम आहे आणि बुडणे हा अपवाद, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे.

‘हॉलो नाइट’ हा ऑस्ट्रेलियातील खेळ २०१४ च्या आवाहनानंतर २०१७ मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यात कबूल केलेल्या दुसऱ्या पात्राचा पुढे ‘सिल्कसाँग’ हा स्वतंत्र खेळच झाला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला. याउलट ‘योगव्हेंचर्स’ या खेळासाठी २०१२ मध्ये साडेपाच लाखांहून अधिक डॉलर जमले, पण २०१४ मध्ये तो रद्द झाला. कादंबरीकार नील स्टीफन्सन यांच्या ‘क्लँग’चीही अशीच गत झाली. ‘माइटी नंबर ९’ वारंवार लांबत २०१६ मध्ये आला खरा, पण अनेकांची निराशा करूनच. खेळ मिळाला की जोखीम संपली, असेही नाही.

कायद्याचा आधार किती?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये एका पटावरील खेळाच्या आवाहनकर्त्यावर कारवाई केली. त्याने जमलेल्या १ लाख २२ हजार डॉलरपैकी बराचसा पैसा स्वतःच्या खर्चासाठी वापरल्याचा आरोप होता. सुमारे १ लाख ११ हजार डॉलर भरण्याचा आदेश झाला. परंतु त्याची ऐपत नसल्याने ही वसुली स्थगित ठेवावी लागली. न्याय मिळाला तरी पैसे मिळतीलच असे नाही.

भारतात ‘सेबी’ने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगविषयी चर्चापत्र प्रसिद्ध केले, पण त्याचा रोख गुंतवणुकीच्या प्रकारावर होता. खेळाच्या प्रतीच्या मोबदल्यात दिलेली वर्गणी त्यात बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांत तक्रार करता येते. मात्र असा वर्गणीदार ‘ग्राहक’ ठरतो का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. कार्डावरील व्यवहाराला बँकेकडे हरकत घेण्याची मुदत तर काही महिन्यांचीच असते. येथेच दिरंगाईचा खरा धोका आहे. ‘आणखी सहा महिने थांबा’ हे आवाहन वर्गणीदार दोन-तीनदा मान्य करतो आणि तेवढ्यात दाद मागण्याचे मार्ग एकेक करून बंद होतात.

पैसे देण्यापूर्वी

या चमूने पूर्वी एखादा खेळ पूर्ण करून प्रसिद्ध केला आहे का, हे प्रथम पाहावे. केवळ चित्रे आणि चित्रफीत नव्हे, तर खेळून पाहता येईल असा नमुना उपलब्ध असावा. मागितलेली रक्कम चमूच्या किती महिन्यांच्या वेतनाला पुरेल, याचा वर सांगितल्याप्रमाणे ढोबळ हिशेब करावा आणि उरलेला पैसा कोठून येणार हे त्यांनी सांगितले आहे का ते तपासावे. टी-शर्ट, मूर्ती अशा भेटवस्तूंच्या मोठ्या गटांऐवजी सर्वांत लहान गट निवडावा. परदेशातून येणाऱ्या वस्तूंवर टपालखर्च आणि सीमाशुल्काचा भार पडू शकतो. मोठी रक्कम जमल्यावर नवनवी आश्वासने दिली जाऊ लागली तर ती लाभाची नव्हे, उशिराची चिन्हे समजावीत. पैसे दिल्यानंतर आवाहनाचे पान आणि पावती जपून ठेवावी आणि अडचणींसह प्रगती कळवणाऱ्या चमूवर गप्प बसणाऱ्यापेक्षा अधिक विश्वास ठेवावा.

लाखनी परिसरातील धानउत्पादक रोवणीला पैसा घालतो, तेव्हा पाऊस लांबू शकतो हे त्याने मनाशी धरलेले असते. व्हिडिओ गेमच्या वर्गणीदारानेही तेवढाच सावधपणा ठेवावा. ज्याला केवळ खेळायचे आहे, त्याने खेळ बाजारात येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. ज्याला एखादी चांगली कल्पना साकार व्हावी असे मनापासून वाटते, त्याने वर्गणी अवश्य द्यावी. पण बुडाली तरी घरखर्चाला झळ लागणार नाही, एवढीच.