एकच रंग राखलेले छायाचित्र

लग्नसराई आटोपली की घरोघर छायाचित्रांचे जाडजूड संग्रह येऊन पडतात, आणि अलीकडे त्यांत एका विशिष्ट प्रकारचे चित्र हटकून आढळते. मांडव राखाडी, वऱ्हाडी राखाडी, भटजी राखाडी. आणि या धुरकट जगात वधूची अष्टपुत्री तेवढी पिवळीजर्द! पालघरच्या बाजारात व बोईसर स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर फोटोग्राफरांच्या दुकानांपुढून जाताना असे नमुने काचेआड मांडलेले आम्ही पाहिले आहेत. चित्रातील सर्व रंग काढून एखादाच जागच्या जागी राहू द्यावयाचा, अशी ही युक्ती. तिला कोणी कलेची परमावधी समजतात, तर कोणी पोरखेळ म्हणून नाक मुरडतात. आम्हांस ही दोन्ही मते उतावळी वाटतात. रंग कोठे राखावा यापेक्षा कोठे काढू नये, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास पालघर-तारापूरच्या टापूसारखी जागा क्वचितच सापडेल.

ही युक्ती नवी नव्हे. छायाचित्रणाची विद्या 1839 साली पॅरिस येथे जाहीर झाली, आणि पुरती दोन वर्षे लोटण्याच्या आत स्वित्झर्लंडमधील योहान बाप्टिस्ट इझेनरिंग नावाचा चित्रकार त्या चित्रांवर डिंक मिसळलेली रंगाची पूड लावू लागला होता. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार. पुढे आपल्याकडे फोटो रंगविणे हा एक स्वतंत्र धंदाच झाला. काही ठिकाणी सबंध चित्र रंगवीत. परंतु मध्यमवर्गीय कुटुंबांत पुष्कळदा खर्चाच्या मानाने नथ, पाटल्या, पदराचा काठ आणि कपाळीचे कुंकू एवढेच रंगवून घेत. ज्यांच्या माजघरात पणजीचा असा फोटो टांगलेला आहे, त्यांनी तो एकवार खाली उतरवून पाहावा.

यात कुंकवाची कथा मोठी अर्थपूर्ण आहे. त्या काळच्या फोटोच्या काचेवर निळ्या उजेडाचा ठसा चटकन उमटे. तांबड्याला मात्र ती बहुतेक दादच देत नसे. परिणाम असा की निळे आकाश पांढरेफटक येई आणि तांबडे वस्त्र काळे. सौभाग्यवतीच्या कपाळीचे कुंकूही काळेच येई! 1873 साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने काचेच्या लेपात विशिष्ट रंजकद्रव्य मिसळले असता तिला इतर रंगही दिसू लागतात असा शोध लावला, आणि सर्व रंगांना जागणारी काच 1906 साली विक्रीस आली. पण तोवर दोन पिढ्यांच्या स्त्रियांचे कुंकू काळे उमटून गेले होते. ते पुन्हा तांबडे करणारा कारागीर काही लबाडी करीत नव्हता. यंत्राने जे हिरावून घेतले ते तो कुंचल्याच्या एका टिंबाने परत करीत होता.

आजची गोष्ट नेमकी उलट आहे. आजचे यंत्र बहुतेक सर्व रंग टिपते, आणि आपण ते मागाहून काढून टाकतो. पूर्वीच्या कारागिराने रंगाची भर घातली, आजचा वजाबाकी करतो. दोघांच्या हातून तयार झालेली चित्रे वरवर सारखी दिसली तरी त्यांच्यावरील जबाबदारी सारखी नाही, असे आमचे म्हणणे आहे.

हे काम संगणकावर कसे करतात ते थोडक्यात सांगतो. एक रीत अशी की अमुक रंगाच्या छटा ठेव, बाकीच्या पूस, असे यंत्रास सांगावयाचे. ही सोपी खरी, परंतु यंत्रास साडी आणि ओठ यांतील भेद कळत नाही. तांबडा राखावयास सांगितले की विटा, गुलाल आणि पाहुण्यांचे गालही तांबडे राहतात. माणसाच्या कातडीत तांबड्याचा अंश असतोच, त्यामुळे चेहऱ्यांवर गोवर उठल्यासारखे डाग दिसू लागतात. दुसरी रीत कष्टाची. चित्राची रंगहीन प्रत मूळ रंगीत चित्रावर ठेवून, जेथे रंग हवा तेथील वरचा थर हाताने खरवडल्याप्रमाणे दूर करावयाचा. येथे कडा सांभाळण्यातच सारे कसब असते, असे सामान्यतः समजतात. पण आमच्या मते खरी मेख निराळीच आहे. तांबड्या शालूचा उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर पडतो, वधूच्या हनुवटीखाली पडतो, चांदीच्या ताम्हनात पडतो. शालू अचूक कातरून ही सारी आभा पुसली, म्हणजे तो शालू कात्रण काढून चिकटविल्यासारखा दिसतो. जाणता कारागीर कडेबाहेर त्या रंगाचा हलका श्वास राहू देतो.

आणि युक्ती केव्हा खरोखर उपयोगी पडते? रंगीत चित्र करडे करताना सामान्य हिशेब असा असतो की उजळपणाच्या शंभर भागांपैकी 59 हिरव्याचे, 30 तांबड्याचे आणि 11 निळ्याचे धरावयाचे. कारण मानवी डोळ्यास हिरवा सर्वांत उजळ भासतो. या हिशेबाने भडक तांबडा आणि मध्यम गडद हिरवा यांचा करडेपणा जवळजवळ एकच होतो. श्रावणात पालघरच्या आसपास भाताच्या खाचरात तांबडे लुगडे नेसलेली बाई उभी असली, तर साध्या कृष्णधवल चित्रात ती शेतातच विरून जाईल. येथे तांबडा राखणे म्हणजे त्या माणसाला त्याची जागा परत देणे होय. उलट सातपाटीच्या बंदरात नारळी पौर्णिमेच्या दिवशी पताका, रंगविलेल्या होड्या, जाळी आणि कोळणींची लुगडी यांचा जो कल्लोळ असतो, त्यातून एक निळी होडी निवडून बाकी सर्व राखाडी करणे आम्हांस शुद्ध अरसिकपणा वाटतो. कल्लोळ हाच तेथला विषय! थोड्या रंगांत भागविण्याची कला पाहावयाची तर याच जिल्ह्यातील वारल्यांच्या भिंती पाहाव्यात. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा एक पांढरा रंग, एवढ्याच सामग्रीवर डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी देशोदेशी नाव मिळविले व 2011 साली पद्मश्री मिळविली. त्यांनी काही पुसले नाही. मुळातच एका रंगात विचार केला.

चित्रपटांतही याचे दाखले आहेत. 1925 सालच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या रशियन मूकपटात डोलकाठीवर चढणारे निशाण फिल्मवर हाताने तांबडे रंगविले होते. 1993 सालच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये कृष्णधवल गर्दीतून तांबडा कोट घातलेली एक चिमुरडी चालत जाते. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकास ठाऊक असते की ही दिग्दर्शकाने रचलेली कथा आहे, आणि कोठे पाहावे हे सांगण्याचा त्याला अधिकार आहे. हाच अधिकार साक्षीदाराला मात्र नाही. येथेच आम्हांस तारापूर आठवते.

तारापूर म्हटले की लोकांस 1969 साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आठवते. बोईसरला लागून असलेल्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे, पोलादाचे, औषधांचे, रसायनांचे आणि रंगद्रव्यांचेही कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्याने खाडी व समुद्र बिघडून मासेमारी बुडते, अशी किनाऱ्यावरील मच्छीमारांची जुनी तक्रार. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्यासाठी 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दादही मागितली. अशा तंट्यात नाल्याच्या पाण्याचा फोटो हा पुरावा असतो. आता कल्पना करा, एखाद्या उत्साही तरुणाने तांबूस झालेल्या नाल्याचे चित्र घेतले आणि परिणाम वाढावा म्हणून पाणी तेवढे तांबडे ठेवून काठ, झाडे, आकाश सारे करडे केले. चित्र नजरेत भरेल यात शंका नाही. पण पाहणाऱ्याने विचारले, हा तांबडेपणा मावळतीच्या उन्हाचा, पावसाळ्यात वाहून आलेल्या मातीचा, की कारखान्यातील रंगाचा? त्याचे उत्तर शेजारच्या रंगांत होते. काठावरचे पान हिरवे दिसत असते तर ऊन तांबडे नव्हते हे कळले असते. काठाची माती दिसली असती तर पाण्याशी ताडून पाहता आली असती. ती सारी मोजपट्टीच त्या तरुणाने आपल्या हाताने मोडली. ज्यांच्या बाजूने बोलावयाचे, त्यांचाच पुरावा दुबळा झाला, आणि प्रतिपक्षाच्या वकिलास ‘चित्रावर हात फिरविला आहे’ असे म्हणावयास जागा मिळाली. सातपाटी, दांडी, नवापूर येथील तरुणांच्या हातांत आज उत्तम यंत्रे आहेत. त्यांनी अशा प्रसंगी रंगाला बोटही लावू नये, वेळ व ठिकाण टिपून मूळ चित्र जसेच्या तसे ठेवावे.

घरच्या लग्नाला एवढा कडक नियम लावण्याचे कारण नाही. अष्टपुत्री पिवळी ठेवून हौस भागत असेल तर खुशाल भागवावी. मात्र फोटोग्राफराकडून त्या चित्राची पूर्ण रंगीत मूळ प्रत मागून घ्यावी, आणि ती मिळाल्यावाचून हिशेब चुकता करू नये. आज राखाडी केलेल्या त्या गर्दीत कोणाची तरी आजी उभी असते, आणि तिने त्या दिवशी कोणते लुगडे नेसले होते हे वीस वर्षांनी विचारणारे कोणी तरी निघतेच.

माजघरातील जुन्या रंगविलेल्या फोटोंबाबतही एक सूचना करावीशी वाटते. ते फिकट होत चालल्यामुळे पुष्कळ लोक संगणकात उतरवून घेतात. दुकानदार ते हौसेने ‘साफ’ करून देतो, आणि त्या सफाईत कुंकवाचे हाताने दिलेले टिंब डाग समजून पुसले जाण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम काही न करता जसेच्या तसे चित्र उतरवून घ्यावयास सांगावे. शक्य असल्यास चौकटीतून काढून मागील बाजूचेही उतरवावे. तेथे बहुधा फोटोग्राफराचा शिक्का असतो, आणि कधी कधी शाईने लिहिलेले सालही.