तात्यांच्या नावाचा पतंग

पंख पसरले तरी जेमतेम सेंटिमीटरभर. पंखांवर नारिंगी-पिवळी आणि तपकिरी छटा. पण डोकं बघा! पिवळट-पांढरा असा झुबका, की कुणी कंगव्याने मागे वळवून वर स्प्रे मारलाय. केस नव्हेत हं, खवले. फुलपाखरू चिमटीत धरलं की बोटांना जी भुकटी लागते, तीच.

कॅनडातले संशोधक वाझ्रिक नाझारी संग्रहालयातले नमुने चाळत होते. ही केशरचना त्यांना ओळखीची वाटली. 17 जानेवारी 2017 ला, ट्रम्पतात्यांच्या शपथविधीला तीन दिवस उरले असताना, बारसं छापून आलं: निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी. शेवटचा 'ई' लाडाचा नाही, ती लॅटिनमधली षष्ठी. म्हणजे 'डोनाल्ड ट्रम्पचा'!

असे बारके पतंग नुसत्या रंगावरून ओळखणं अवघड. बऱ्याचदा जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली न्यावी लागतात. याची त्याच्या सख्ख्या भाऊबंदापेक्षा लहान निघाली. शोधनिबंधात हे गंभीरपणे नोंदवलंय, आपणही गंभीरच राहू. आणि भिंतीची घोषणा देणाऱ्याचं नाव लावणारा हा जीव राहतो कुठे? दक्षिण कॅलिफोर्नियात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतही. नावामागचा नाझारींचा हेतू मात्र साधा होता: निदान या निमित्ताने तरी तिथल्या नाजूक अधिवासांकडे लोकांचं लक्ष जावं. गेलंही. पतंगाची बातमी जगभर छापून येते कधी एरवी?

नावांचा फजितवाडा जुनाच. 1893 मध्ये पतंगांच्या एका प्रजातीला हॅरिसन डायर या कीटकतज्ज्ञाच्या सन्मानार्थ नाव दिलं गेलं: डायरिया. सन्मान म्हणावा की सूड?

पण माझे लाडके अमेरिकेचे विल्यम कीअरफॉट. पानं गुंडाळणाऱ्या पतंगांच्या नावाला शेवटी 'आना' लावायची प्रथा लिनिअसपासूनची. 1907 मध्ये कीअरफॉटसाहेबांपुढे नव्या जातींचा ढीग पडला, तेव्हा त्यांनी सरळ बाराखडीच लावली: बोबाना, कोकाना, डोडाना, फोफाना... ती संपल्यावर गंडाना, हंडाना, मंडाना. इंग्लंडचे एडवर्ड मेरिक इतके वैतागले, की 1912 मध्ये त्यांनी बदली नावं सुचवली. चाललं नाही. आधी ठेवलेलं नाव टिकतं, हा नियम.

त्याच यादीत 'व्ही'ची पाळी आली तेव्हा एका पतंगाला नाव मिळालं, ते रोमन लिपीत आपण सरळ 'वंदना' असंच वाचू. ओळखीत कुणी वंदनाताई असतील तर त्यांना जरूर कळवा.