पावसाच्या थेंबाचं मूळ गाव

1952 सालचा जून महिना. कोपनहेगनमध्ये पावसाची झड लागली होती. विली डान्सगार्ड या तरुण शास्त्रज्ञाने बागेतल्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि पडेल तो पाऊस टप्प्याटप्प्याने गोळा केला. प्रयोगशाळेत रेणूंचं वजन ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर होतं. त्यातून कळलं, की एकाच पावसातलं आधीचं आणि नंतरचं पाणी सारखं नव्हतं. वरचे ढग बदलत गेले, तसं पाणीही बदलत गेलं होतं.

पाणी बदललं म्हणजे काय? हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, हे आपण शाळेत शिकलो. पण ऑक्सिजनचे सगळे अणू एका वजनाचे नसतात. साधारण दर पाचशेंमागे एका अणूत दोन न्यूट्रॉन जास्त असतात. तो ऑक्सिजन-18. हायड्रोजनचाही असाच एक जड प्रकार आहे, ड्युटेरियम. तो आणखी दुर्मीळ. ही दोन्ही स्थिर समस्थानिकं. त्यांच्यातून किरणोत्सर्ग होत नाही, काळाबरोबर ती घटत नाहीत. घरच्या माठातलं लिटरभर पाणी घेतलं, तर त्यात ऑक्सिजन-18 असलेलं जड पाणी दोन ग्रॅमांहून थोडं जास्त निघेल. चव तीच, रंग तोच. फरक फक्त वजनाचा.

पण या एवढ्याशा फरकाने केवढी किमया होते! समुद्राची वाफ होताना हलके रेणू किंचित सहज निसटतात, जड मागे रेंगाळतात. ढगात थेंब बनताना बरोबर उलटं घडतं. तिथे जड रेणू आधी थेंबात शिरतात आणि पावसाबरोबर खाली येतात. लांब पल्ल्याच्या एसटीतून जास्त बोजा असलेले प्रवासी आधीच्याच थांब्यांवर उतरत जावेत, तशी वाफ पुढे जाता जाता हलकी होत जाते. जितका प्रवास लांब, हवा जितकी थंड आणि वाटेत जितका पाऊस सांडलेला, तितके उरलेल्या वाफेत जड रेणू कमी. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणाऱ्या बर्फात ऑक्सिजन-18 समुद्राच्या तुलनेत पाच टक्क्यांहूनही अधिक घटलेला असतो.

डान्सगार्डना यातून एक विलक्षण गोष्ट सुचली. थंडीनुसार बर्फातलं जड पाणी कमी-जास्त होत असेल, तर ग्रीनलँडमध्ये थरावर थर साचलेल्या जुन्या बर्फात त्या त्या काळाचं तापमान नोंदलेलं असणार! 1966 मध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅम्प सेंच्युरी तळावर सुमारे 1,390 मीटर खोल छिद्र पाडून तळाच्या खडकापर्यंतचा बर्फ बाहेर काढला गेला. त्या बर्फाच्या कांडात डान्सगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गेलं हिमयुग वाचता आलं. पुढे अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या बर्फाने हा इतिहास 8 लाख वर्षं मागे नेला. त्या काळी तापमान मोजायला कुणी नव्हतं. ते पडणाऱ्या हिमाने जपून ठेवलं.

याच पद्धतीने ॲमेझॉनच्या जंगलाचंही एक गुपित उघड केलं. अटलांटिकवरून येणारी वाफ हजारो किलोमीटर आत जाताना पाऊस पाडत पाडत खूप हलकी व्हायला हवी. पण 1970च्या दशकात ब्राझीलचे एनेआस सालाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की तिथे हा बदल अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. कारण झाडं. मुळं जमिनीतलं पाणी जड-हलकं न निवडता शोषतात आणि पानांवाटे एकंदरीत तसंच हवेत सोडतात. पडून गेलेला पाऊस जड रेणूंसकट पुन्हा आकाशात जातो आणि पुन्हा पडतो. तिथला जवळपास निम्मा पाऊस जंगलच परत पाठवतं, असा त्यांचा अंदाज होता. जंगल तोडलं की पाऊसही तुटतो, ही भीती पोकळ नाही. पावसाचं पाणीच तिची साक्ष देतं.

1961 पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना जगभरच्या पावसाचे नमुने तपासत आहेत. त्या नोंदींमध्ये मुंबईचा पाऊसही आहे. त्याच वर्षी, 1961 मध्ये, हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने नद्या, तलाव, पाऊस आणि बर्फ यांचे सुमारे 400 नमुने एका आलेखावर मांडले. एका अक्षावर ऑक्सिजन-18, दुसऱ्यावर ड्युटेरियम. जगाच्या कानाकोपऱ्यातलं ते पाणी जवळजवळ एकाच सरळ रेषेवर येऊन बसलं! रेषेपासून ढळले ते मुख्यतः उन्हात पुष्कळ आटलेले तलाव. तिथे ऑक्सिजन-18 आणि ड्युटेरियम वेगळ्या प्रमाणात वाढलेले होते.

हे ढळणं आपल्या गावातही उपयोगी पडतं. पाझर तलावात उन्हाळाभर तापलेलं पाणी या रेषेपासून दूर जातं. सरळ जमिनीत मुरलेला पाऊस रेषेजवळच राहतो. म्हणून पाऊस, तलाव आणि शिवारातल्या विहिरी यांचे नमुने शेजारी ठेवून तपासले, तर कोणत्या विहिरीत तलावाचं पाणी पोहोचतं आणि कोणती विहीर निव्वळ पावसावर जगते, ते सांगता येतं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला पुढचा तलाव कुठे बांधायचा आणि कुठला उपसा आवरायचा, हे ठरवताना याहून भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळेल. त्यासाठी घट्ट झाकणाच्या लहानशा बाटलीत मावेल एवढं पाणी पुरतं.