पोटातली हळद रक्तात का सापडत नाही?

शर्टावर आमटी सांडली की हळदीचा डाग साबणाने जात नाही, उलट साबण लागताच तो लाल होतो. तोच शर्ट दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला तर डाग आपोआप विरतो. कर्क्युमिन या रेणूचा स्वभाव इथेच कळतो: पाण्याशी त्याचं पटत नाही, तेलातुपात तो सुखाने मिसळतो, क्षारात रंग बदलतो आणि उजेडात मोडतो. हळदीला पिवळेपणा देणारा हा पदार्थ १८१५ मध्ये वेगळा काढला गेला, पण त्याची रचना कळायला १९१० उजाडावं लागलं. सांगलीच्या पेठेत हळकुंडांच्या राशी कितीही मोठ्या दिसोत, त्यात कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्केच असतं.

काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर हेच कर्क्युमिन सोडलं की त्याचा प्रताप दिसतो. सूज आणि दाह सुरू करणारी जनुकं जागी करणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा एक प्रथिनसमूह पेशीत असतो. कर्क्युमिन त्याला अडवतं, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर हळदीवरच्या शोधनिबंधांचा पूर आला. पण बशीत जे घडतं ते माणसात घडायचं, तर रेणू आधी पेशीपर्यंत पोचायला हवा ना! अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निरोगी माणसांना कर्क्युमिनचा एकेक डोस दिला. आठ ग्रॅमपर्यंत कुणाच्याच रक्तात ते सापडलं नाही. दहा आणि बारा ग्रॅमच्या डोसांवर फक्त दोघांत जेमतेम आढळलं. बारा ग्रॅम म्हणजे हळद नव्हे, निव्वळ कर्क्युमिन; तेवढं मिळवायला निदान पाव किलोच्या आसपास हळद खावी लागेल.

मग जातं कुठे? बरंचसं आतड्यातून शोषलंच जात नाही. जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच साखरेचं किंवा गंधकाचं शेपूट चिकटवून बाहेरचा रस्ता दाखवतात. शिवाय रक्ताइतक्या सामूच्या साध्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के कर्क्युमिन मोडून पडतं. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तेव्हा शोषण वीस पटीने वाढलं. हा आकडा जाहिरातवाल्यांचा फार लाडका. पण मुळात नगण्य असलेल्याची वीस पट ती किती? आणि पायपरीन यकृतातल्या ज्या कामाला खीळ घालतं, त्याच कामावर इतर औषधांचा निचराही अवलंबून असतो.

आता कर्क्युमिनला पेशीपर्यंत नेऊ शकेल अशा वाहकाकडे येऊ. इथे मला थक्क व्हायला होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळ बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी अंड्याच्या बलकातलं लेसिथिन पाण्यात घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कांद्यासारखे पदरावर पदर असलेले गोल दिसले. ते कुणी घडवले नव्हते. लेसिथिनच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं, दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. असे असंख्य रेणू एकत्र आले की शेपट्या आत, डोकी बाहेर अशी दुपदरी चादर होते आणि कडा उघड्या राहू नयेत म्हणून ती स्वतःच मिटून गोल होते. हेच लायपोसोम. चार-पाच नॅनोमीटर जाडीची अशीच दुपदरी भिंत आपल्या प्रत्येक पेशीला आहे. चॉकलेटच्या वेष्टनावर ३२२ असा क्रमांक दिसतो, ते हेच लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं.

प्रयोगशाळेतली कृती बघण्यासारखी असते. लेसिथिन आणि कर्क्युमिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घेतात. निर्वातात चंबू फिरवत ठेवला की क्लोरोफॉर्म उडून जातो आणि काचेवर पिवळा पातळ थर उरतो. त्यात कोमट पाणी घालून हलवलं की थर सुटतो आणि पिवळसर दुधाळ पाणी तयार होतं. मग ते समोरासमोरच्या दोन सिरिंजांमधून, शंभर नॅनोमीटरच्या छिद्रांच्या पटलातून, इकडून तिकडे ढकलतात. फेऱ्या नेहमी विषम संख्येच्या घेतात. म्हणजे शेवटी द्रव पलीकडच्या सिरिंजेत उतरतो आणि न गाळलेले मोठे कण अलीकडेच राहतात. केसाच्या जाडीत असे शेकडो गोल शेजारी शेजारी मावतील.

कर्क्युमिन या गोलाच्या पोकळीत नसतं. पुरणपोळीतल्या पुरणासारखं ते आत भरलेलं नसून थालीपिठाच्या पिठात मळलेल्या हळदीसारखं भिंतीतच, शेपट्यांच्या गर्दीत, मुरलेलं असतं. तिथे पाण्याचा उपद्रव कमी, म्हणून ते जास्त टिकतं. वर गंमत अशी की पाण्यात जेमतेम चमकणारं कर्क्युमिन मेदात शिरलं की निळ्या-जांभळ्या प्रकाशाखाली हिरवं उजळतं. पेशीत माल पोचला की नाही हे पाहायला वेगळा रंग घालायची गरजच उरत नाही.

हे गोल शरीरात सोडले की मॅक्रोफेज नावाच्या पेशी, विशेषतः यकृत आणि प्लीहेतल्या, त्यांना गिळायला टपलेल्या असतात. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिल या कर्करोगावरच्या औषधात गोलांना पॉलिमरचं आवरण चढवलं, ते याच पेशींना चकवायला. पण काळ्या आजाराचा परजीवी मॅक्रोफेजमध्येच राहतो, तेव्हा तिथे गिळलं जाणं हाच फायदा. लायपोसोममधलं अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध त्या आजारावर म्हणूनच इतकं गुणकारी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने असं देशी अ‍ॅम्फोटेरिसिन तयार करून रुग्णांपर्यंत नेलं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रभर नातेवाईक ज्या इंजेक्शनांसाठी वणवण फिरत होते, ती याच जातीची. मेदात बसवलं की हे औषध मूत्रपिंडांना कमी छळतं.

दाहातही मुख्य पात्र मॅक्रोफेजच. सूज चढवणारी रसायनं तीच सोडते आणि दिसेल ते गिळायची खोडही तिचीच. म्हणजे ज्या पेशीला शांत करायचं, तीच औषध तोंडात घेते! उंदरांच्या सुजलेल्या सांध्यांवर, आतड्यांवर याच आशेने प्रयोग चालतात.

माणसांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. औषधरसायनाच्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये कर्क्युमिनवरचं काम तपासलं, तेव्हा काटेकोर तुलनात्मक चाचण्यांत ते ठामपणे उतरल्याचं त्यांना दिसलं नाही. कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत खोटे इशारे देतं, हेही त्यांनी दाखवलं. बाटलीवर ‘लायपोसोमल’ छापल्याने यात फरक पडत नाही. व्हिएन्नात निरोगी माणसांच्या शिरेतून लायपोसोमल कर्क्युमिन दिलं, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नळी चालू असेतो रक्तात कर्क्युमिन स्थिर राहिलं, बंद होताच तासाभरात मोजता येईनासं झालं. मोठ्या डोसांवर काही काळ तांबड्या रक्तपेशींना काटे फुटले. पेशीच्या पटलाच्या बाहेरच्या पदरात काही शिरलं की ती अशी काटेरी होते, हे आधीपासून ठाऊक आहे; ते काटे नंतर मिटले, पण डोस कुठवर चढवायचा याची मर्यादा त्यांनीच आखून दिली.