गिलमन रस्त्यावरील संगीतगृह

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ जगभर विख्यात आहे. परंतु शहराच्या पश्चिम भागात, कारखान्यांच्या वस्तीत, ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर उभी असलेली विटांची एक साधी इमारतही आपल्या परीने प्रसिद्ध आहे. ३१ डिसेंबर १९८६ रोजी तेथे संगीताचा पहिला कार्यक्रम झाला.

हे संगीत 'पंक' या प्रकारचे. त्याची लय द्रुत, नाद कर्कश आणि शब्द रोखठोक. शास्त्रीय गायनाला सरावलेल्या कानांना तो प्रथम निव्वळ गोंगाटच वाटेल! मात्र थोडेफार गिटार शिकलेल्या मुलालाही हे संगीत वाजविता येते, आणि म्हणूनच ते मुलांना आपले वाटते.

अडचण अशी की, तिकडील लहान संगीतगृहांचा खर्च बहुधा मद्यविक्रीतून भागतो, आणि एकवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकणे कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी मुलांना दारातूनच परतावे लागे. ज्यांना गाण्याची सर्वाधिक ओढ, त्यांनाच मज्जाव! टिम योहॅनन नावाचे एक नियतकालिक-संपादक व त्यांचे सहकारी यांनी सरळ उपाय योजिला. मद्यच वर्ज्य केले, म्हणजे दार सर्व वयांच्या लोकांना उघडे. मारामारीस व कोणाही मनुष्याचा वर्णावरून अवमान करण्यासही तेथे मनाई आहे.

पण मद्याचे उत्पन्न गेल्यावर पैसा कोठून यावा? अल्प प्रवेशशुल्क, सभासदांची नाममात्र वर्गणी आणि विनावेतन श्रम यांवर संस्था चालू लागली. दारावर उभे राहणे, ध्वनियंत्रणा सांभाळणे, शेवटी केर काढणे, ही कामे श्रोत्यांनीच करावयाची. नियमही सभासदांच्या सभेत ठरावयाचे. १९८८ साली मूळ चालकांनी अंग काढून घेतले, तेव्हा संस्था बुडालीच असे वाटले. परंतु अल्पावधीतच तेथील तरुणांनी तिची धुरा उचलली.

एक नियम मात्र मोठा कठोर होता. बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केलेल्या वाद्यवृंदास तेथे स्थान नसे. 'ग्रीन डे' हा वृंद याच रंगमंचावर घडला. १९९३ मध्ये त्याने असा करार केला. पुढील वर्षी 'डूकी' या ध्वनिमुद्रिकेने त्याची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि गिलमनचा रंगमंच त्याला बंद झाला. घरच्या मुलालाच उंबऱ्याबाहेर उभे करावे, तसे हे झाले. तथापि श्रीमंतांना जागा दिली तर नवख्या मुलांना ती उरणार नाही, ही सभासदांची भीतीही निराधार नव्हती.

मे २०१५ मध्ये, शेजारच्या ओकलंड शहरात आगीची झळ लागलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या साहाय्यासाठी, 'ग्रीन डे'चा कार्यक्रम पुन्हा तेथे झाला. कुमारवयात तेथे वाजवू लागलेले ते वादक तोवर चाळिशी ओलांडून गेले होते.