कोंबडी शिजण्याआधी

कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू राहतात. कोंबडीला त्यांचा सहसा त्रास होत नाही, त्यामुळे पक्षी धडधाकट दिसतो. कापताना व साफ करताना आतड्यातील मळ मांसाला लागतो. डोळ्यांदेखत कापून घेतलेली ताजी कोंबडीही म्हणूनच निर्धोक मानता येत नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतू माणसाला आजारी पाडायला पुरतात.

जुलाब, ताप, पोटात कळा एवढ्यावर बहुतेकांची सुटका होते. क्वचित मात्र या जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच चेतातंतूंवर हल्ला करतात, कारण जिवाणूच्या आवरणातील शर्करा आणि चेतातंतूंवरील शर्करा सारख्या असतात. हातपाय लुळे पाडणारा हा आजार म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात त्याचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. तेथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हाच जिवाणू कच्च्या कोंबडीतूनही घरात येतो.

राजगडाच्या पायथ्याच्या पालीसारख्या गावात गावरान कोंबडी चुलीवर बराच वेळ रटरटते. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान गेले की हे जिवाणू मरतात, त्यामुळे उकळत्या रश्श्याची काळजी नसते. काळजी आहे ती त्याआधीच्या अर्ध्या तासाची. ज्या विळीवर कोंबडी चिरली तिच्यावरच कांदा-कोथिंबीर चिरली, तर जंतू न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या कोशिंबिरीत जातात. विळी, पाट आणि हात साबणाने धुऊनच पुढचे काम करावे. हात किमान वीस सेकंद चोळावेत. नळाच्या धारेखाली कोंबडी धुणे ही घरोघरची सवय सर्वांत घातक, कारण शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. धुवायचीच असेल तर पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने धुवावी आणि नंतर मोरी घासून काढावी. हळद, मीठ, लिंबू, दही यांनी चव येते. जंतू मरतील याचा भरवसा नाही.

गडावर जाणारे पुण्याहून मसाला लावलेले चिकन पिशवीत घेऊन निघतात. बर्फाशिवाय ते दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त नाहीच. ब्रॉयलर लवकर मऊ होते, तेव्हा तंगडीच्या हाडाजवळचा भाग पूर्ण शिजला आहे ना, हे पाहावे. फ्रिजमध्ये कच्चे मांस झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे.